सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय संपलं?

२०२५ च्या दिवाळीपासून आमच्या ब्रह्मपुरीच्या घरी फराळाच्या डब्यांबरोबर लॅपटॉपही यायला लागले. नात्यातला एखादा माणूस कॉम्प्युटरचं थोडंफार जाणतो अशी एकदा ख्याती झाली की तो जन्माचा बांधील होतो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना अनुभवाने ठाऊक असेलच. :) आणि प्रश्न सगळ्यांचा एकच. "हा लॅपटॉप विंडोज ११ साठी पात्र नाही असं लिहून येतंय. चालू तर आहे. मग आता फेकाचा का?"

फेकायचा, की काहीतरी जुगाड करून ११ टाकायचं, की लिनक्स टाकायचं... हेच मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की म्हटलं आता एकदाच नीट लिहून काढू. माझं मत पटलंच पाहिजे असा आग्रह नाही. पण निदान निर्णय घाबरून घेऊ नका, एवढंच.

आधी झालंय काय ते बघू. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने एका परिषदेत हे विंडोजचं शेवटचं व्हर्जन असल्याचं बोलून टाकलं होतं, आणि आपण भाबडेपणाने ते खरं मानलं. मग ५ ऑक्टोबर २०२१ ला ११ आलं, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चा सपोर्ट संपला. घरगुती वापरणाऱ्यांपैकी जे नाव नोंदवतील त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट देण्याची सोय कंपनीने जाहीर केली. पण ती नुसती मुदतवाढ. दुखणं तेच राहतं.

पूर्वी कसं होतं, नवीन विंडोज आलं की जुन्या मशीनवरही ते रखडत-खडत का होईना चालायचं. यावेळी मात्र दारावरच तपासणी. टीपीएम २.० हवं, सिक्युअर बूट हवं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. आठवी पिढी आली २०१७ च्या उत्तरार्धात. म्हणजे २०१६ मध्ये हौसेने घेतलेला, आठ जीबी रॅमचा, आजही झकास पळणारा आय-५ बाद. आणि २०१९ चा, चार जीबीचा, उघडायला चहा होईपर्यंत वेळ लावणारा सेलेरॉन पास! शाळेत वयाच्या दाखल्यावरून पैलवान निवडावा तसा हा प्रकार.

आता टीपीएम आणि सिक्युअर बूट या फालतू गोष्टी आहेत असं मी म्हणणार नाही. टीपीएम म्हणजे मशीनमधली छोटीशी तिजोरी. तुमच्या डिस्कला कुलूप लावलं असेल तर त्याची किल्ली तिथे राहते, नुसती डिस्क काढून नेणाऱ्याच्या हाती लागत नाही. सिक्युअर बूट म्हणजे मशीन सुरू होतानाच कुणी परका आत घुसला नाही ना, हे बघणारा पहारेकरी. दोन्ही कामाचेच. पण गंमत बघा. सहाव्या आणि सातव्या पिढीच्या कितीतरी लॅपटॉपांत टीपीएम २.० असूनही ते बाद आहेत. सातव्या पिढीतले अगदी मोजके प्रोसेसर कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये यादीत घेतले, आणि त्यातला एक होता मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ २ मधला. म्हणजे ही रेघ काही निसर्गनियम नाही. कुणीतरी टेबलावर बसून आखलेली आहे. कॅनालिस या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज केला होता, की या एका रेघेमुळे जगभरातले सुमारे २४ कोटी पीसी कबाडाच्या वाटेला लागू शकतील.

म्हणून पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. सपोर्ट संपला म्हणजे यंत्र संपलं नाही. कंपनीचं वचन संपलं. गावची एसटी बंद झाली म्हणून रस्ता काही नाहीसा होत नाही. पण मग जायचं असेल तर गाडी कोणाची, चालवणार कोण, आणि रस्त्यात पंक्चर झाली तर काय, हे आपलं आपण बघावं लागतं. या सगळ्या भानगडीचं सार मला तरी एवढंच दिसतं.

आता जुगाडाकडे येऊ. अपात्र लॅपटॉपवर विंडोज ११ टाकता येतं का? येतं. रूफस नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पेनड्राइव्ह बनवतानाच टीपीएम, सिक्युअर बूट आणि रॅमची तपासणी काढून टाकतं. सुरुवातीला तर प्रोसेसर आणि टीपीएमची अट ओलांडायची एक युक्ती खुद्द मायक्रोसॉफ्टनेच आपल्या मदतीच्या पानावर छापली होती, नंतर ती हळूच काढून टाकली. तासाभराचं काम. शेवटी सगळं छान निळं-निळं दिसतं, स्टार्टचं बटण मध्यभागी येतं, आणि टाकणारा भाचा घरात हिरो होतो.

पण टाकताना एक सूचना येते. ती कुणी वाचत नाही. तिचा मथितार्थ असा, की हे मशीन अटींत बसत नाही, काही बिघडलं तर आम्ही बांधील नाही, आणि अपडेट मिळतीलच याची हमी नाही. प्रत्यक्षातला अनुभव असा, की महिन्याचे सुरक्षा अपडेट अशा मशीनवरही बहुधा येत आलेत. वर्षाकाठी येणारं मोठं व्हर्जन मात्र आपोआप येत नाही. ते दर वेळी पुन्हा पेनड्राइव्ह बनवून हाताने चढवावं लागतं. आणि प्रत्येक व्हर्जन साधारण दोन वर्षांत जुनं होतं, मग त्याचे महिन्याचे अपडेटही थांबतात. शिवाय नियम मध्येच बदलतात. २०२४ च्या ऑक्टोबरात जे २४एच२ आलं, त्याला प्रोसेसरमध्ये एक ठराविक सूचनासंच लागतो. तो नसलेल्या कोअर टू ड्युओसारख्या जुन्या मशीन, ज्यांवर आधीचं ११ जुगाडाने चालत होतं, त्या एका झटक्यात संपल्या. तिथे रूफसही काही करू शकत नाही.

तर प्रश्न "टाकता येतं का" हा नाहीच. प्रश्न आहे, पुढच्या वर्षी ते पुन्हा चढवणार कोण? दिवाळीच्या सुट्टीत आलेला भाचा भाऊबीज आटोपून पुण्याला परत जातो. लॅपटॉप इथेच राहतो.

हा प्रश्न मला सुचलेला नाही बरं का. तो आमच्या काकाजींचा. काकाजी निवृत्त शिक्षक. लॅपटॉप २०१५ चा, पाचव्या पिढीचा आय-५, चार जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क. आत गेल्या दहा वर्षांचं लिखाण. झाडीबोलीतले शब्द, रोवणीच्या वेळची गाणी, म्हणी, म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून उतरवलेल्या गोष्टी. भाच्याने पेनड्राइव्ह तयारच ठेवला होता. काकाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ठीक हाये. पन तू गेल्यावर बिघडलं त मंग मी कोनाले इचारू?"

भाच्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर त्या वेळी माझ्याकडेही तयार उत्तर नव्हतं, आणि त्यामुळेच त्या रात्री काही टाकलं गेलं नाही. आधी बाहेरच्या डिस्कवर सगळ्या फाइलींच्या दोन प्रती केल्या. मला वाटतं, या विषयावरचा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हाच. ११ टाका, लिनक्स टाका, काहीही टाका, नवी सिस्टिम टाकताना बहुतेक वेळा डिस्क पुसली जाते. आधी प्रत करा, ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, आणि मगच पेनड्राइव्हला हात लावा.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, अपडेट नाही आले तर नाही आले. विंडोज ७ वाले चालवतच होते की. चालवत होते, खरं आहे. पण मे २०१७ आठवा. वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातली लाखो मशीन कुलूपबंद केली आणि खंडणी मागितली. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांना रोग्यांना परत पाठवावं लागलं. त्या भोकाची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते अडकले. एक्सपीचा सपोर्ट तर २०१४ मध्येच संपला होता, त्यामुळे तिथे दुरुस्ती पोचलीच नव्हती. हल्ला झाल्यावर कंपनीने ती तातडीने काढली. म्हणजे अपडेट हे काही कंपनीने लावलेलं लचांड नव्हे. आणि दुसरं, ब्राउझरही कायम साथ देत नाही. क्रोमने विंडोज ७ ची साथ २०२३ च्या सुरुवातीला सोडली. हळूहळू बँकेची पानं उघडेनाशी होतात, आणि पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला ते फार महागात पडतं.

तेव्हा "काही होत नाही हो" हे उत्तर मला मान्य नाही. आणि "कंपनी म्हणते म्हणून फेका" हेही मान्य नाही.

नवीनच का घेत नाही, असं शहरातले मित्र सहज म्हणतात. बरा लॅपटॉप म्हणजे पस्तीस हजार धरा. आमच्याकडे हिशोब धानात होतो. २०२५-२६ च्या खरिपाला साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे एका लॅपटॉपला जवळपास १५ क्विंटल धान! तेही खर्च वजा न करता. जो लॅपटॉप मुलीच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला, तिच्या अभ्यासाला आणि घरच्या चार पत्रांना पुरतो, तो केवळ एका यादीत नाव नाही म्हणून बदलायचा?

आणि खरं सांगू का, आमच्या गावात कंपनीचा सपोर्ट होता तरी कधी? कंपनीचं सर्व्हिस सेंटर नागपूरला, म्हणजे शंभरावर किलोमीटर. टोल फ्री नंबरवर वाट बघत गाणं ऐकायचं. इथे सपोर्ट म्हणजे बाजारातल्या गल्लीत छोटंसं दुकान टाकून बसलेला पोरगा. एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो, ब्रह्मपुरीचं नाव राज्याच्या बातम्यांत येतं, तेव्हा लॅपटॉप धापा टाकत बंद पडतात. तो उघडून पंख्यातली धूळ काढतो, सुकलेली थर्मल पेस्ट बदलतो, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकून देतो. आणि माझं निरीक्षण असं, की "जुना झाला, स्लो झाला" म्हणून आलेल्या लॅपटॉपांपैकी बरेचसे नुसत्या एसएसडीने आणि चार जीबी जास्तीच्या रॅमने तरुण होतात. सिस्टिम कुठलीही असो. तेव्हा आधी तिथे थोडा खर्च करा, मग बाकीचा विचार.

म्हणजे आमच्याकडे सपोर्ट हा नेहमी माणसाचाच होता. मग सिस्टिम निवडतानाही माणूस बघूनच निवडावी, नाही का?

काकाजींच्या लॅपटॉपवर आम्ही शेवटी लिनक्स मिंट टाकलं. का, ते सांगतो. लोक लिनक्सला "जुगाड" समजतात. खरं तर उलट आहे. त्या लॅपटॉपवर विंडोज ११ हा जुगाड होता, आणि मिंट हा सपोर्ट असलेला, राजरोस मार्ग. मिंट २२ आलं जुलै २०२४ मध्ये, आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार हे बनवणाऱ्यांनी आधीच सांगून ठेवलंय. दारावर पिढीची चौकशी नाही. दोन जीबी रॅमवरही उभं राहतं, चार असली तर बरं. पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, आधी चालवून बघता येतं. आम्ही तसं चार दिवस चालवलं. वायफाय लागलं, आवाज आला, बँकेचं पान फायरफॉक्समध्ये उघडलं. मगच टाकलं.

सगळं सुखाने झालं असं नाही. प्रिंटर लगेच चालला पण स्कॅनरने एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. आणि मोठी अडचण आली ती मराठीची. काकाजींच्या निम्म्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फाँटमधल्या. ज्यांनी आयएसएम किंवा श्रीलिपीवर कामं केली आहेत त्यांना माहीत आहे. त्या फाइलींत आत मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि फाँट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. फाँट गेला की उघड्यावर येतं ते नुसतं चिन्हांचं गाठोडं. काकाजींचा चेहरा त्या वेळी बघवत नव्हता. जुन्या डिस्कवरून फाँट आणून बसवला तेव्हा लिब्रेऑफिसमध्ये सगळं परत दिसलं. त्यानंतर कन्व्हर्टरने एकेक फाइल युनिकोडमध्ये आणायचं काम सुरू केलं. रफार, जोडाक्षरं, अनुस्वार इकडेतिकडे होतात, म्हणून प्रत्येक पान डोळ्याखालून घालावं लागतं. पण इथून पुढे ते लिखाण कुठल्याही कंपनीच्या, कुठल्याही व्हर्जनच्या मर्जीवर राहणार नाही. झाडीबोलीतला एखादा शब्द शेवटचा बोलणारा माणूस गेला, आणि तो उतरवून ठेवलेली फाइलही उघडेना, याला काय म्हणायचं? माझ्या मते या सगळ्या सपोर्ट प्रकरणातला खरा धोका हा आहे. यंत्र बदलता येतं हो. आतलं परत मिळत नाही.

टायपिंगचा प्रश्न मात्र आलाच नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सगळीकडे सारखाच. बोटं आपोआप चालली. आता काकाजींचा आधार कोण? मी. आणि बाजारातला तो पोरगा, ज्याला मी मुद्दाम एक दिवस बसवून मिंटची ओळख करून दिली. त्याच्या डोक्यातही एक भीती होती, की लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत बसायचं. तासाभरात गेली.

हे असं मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं का? केरळात झालंय. तिथल्या सरकारी शाळांतलं संगणक शिक्षण गेली कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतं, उबंटूवर आधारलेली त्यांची स्वतःची सिस्टिम आहे. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीने गावोगावच्या लोकांना माउस धरायला शिकवलं, ते काम मोठंच होतं. पण कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि ऑफिस, हे समीकरणही त्याच काळात आपल्या डोक्यात घट्ट बसलं. केरळने मशीनबरोबर शिक्षकही तयार केले, हा त्यातला धडा. नुसत्या सीडी वाटून काही होत नसतं.

आता लिनक्स कोणाला नको, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. टॅलीवर रोजचा धंदा चालतो त्यांना नको. ज्यांच्या ऑफिसचं काम ठराविक विंडोज सॉफ्टवेअरवर अडतं त्यांनाही नको. त्यांनी पात्र मशीन घ्यावी, सेकंडहँड आठव्या पिढीची घेतली तरी चालेल. वैनगंगेपलीकडे वडसा हे झाडीपट्टी नाटकांचं माहेरघर. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की जाहिरातींच्या कामाला उसंत नसते. अशा कामाच्या डीटीपी दुकानांत, इथेच नव्हे तर महाराष्ट्रभर, पेजमेकर ७ आणि जुने मराठी फाँट आजही दिसतात. पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये, त्यानंतर पुढचं व्हर्जनच निघालं नाही! या लोकांना मी म्हणतो, काही बदलू नका. ती मशीन जशी आहे तशी ठेवा, डाँगलसकट. फक्त तिची इंटरनेटची वायर काढा आणि तयार फाइल पेनड्राइव्हने दुसऱ्या मशीनवर न्या. नेटवर नसलेल्या मशीनचा सपोर्ट संपल्याने फारसं काही बिघडत नाही. विंडोज ११ तर ३२-बिटमध्ये येतच नाही, मग त्या जुन्या डाँगलचा ड्रायव्हर शोधत कुठे फिरणार?

आणि विंडोज ११ चा जुगाड? ज्याला वर्षातून एकदा स्वतःच्या हाताने ते पुन्हा चढवता येतं, बिघडलं तर स्वतः निस्तरता येतं, त्याने खुशाल करावा. स्वतःच्या मशीनवर. दुसऱ्याच्या मशीनवर करायचा असेल तर त्याचा सपोर्ट आपण आहोत हे समजून करावा. फोन आला तर उचलावा लागेल, पुढच्या दिवाळीला यावं लागेल. ते जमणार नसेल तर तो पेनड्राइव्ह खिशातच ठेवलेला बरा. आई-वडिलांच्या बँकेचे व्यवहार ज्या मशीनवर होतात, तिथे एका रात्रीची हिरोगिरी नको.

थोडक्यात काय, कंपनीने रेघ आखली ती तिच्या सोयीने. आपण आपली रेघ आपल्या सोयीने आखावी. यंत्र चालतंय का, आतलं लिखाण सुरक्षित आहे का, आणि बिघडलं तर विचारायला जवळ कुणी आहे का? या तिन्हींची उत्तरं "हो" असतील तर त्या लॅपटॉपला अजून बरीच वर्षं आहेत. तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल, तर आधी तो माणूस शोधा. सिस्टिम नंतर टाकता येईल.